चार मिलिअँपिअरचे शून्य

मैलापाणी प्रक्रिया केंद्राच्या नियंत्रण कक्षात नव्याने आलेल्या ऑपरेटरला पडद्यावर वरखाली नाचणारी रेघ दिसली की धास्ती वाटते. जुन्या माणसाला धास्ती वाटते ती सरळ रेघेची. वायुमिश्रण टाकीतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा गेले सहा तास बरोबर १.९८ वर उभा आहे, ही त्याच्या लेखी वाईट बातमी असते. खाली टाकीत हवेचे बुडबुडे उसळत असतात. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान शहरभरच्या आंघोळींचा आणि धुण्याभांड्यांचा लोंढा येतो, दुपारी तो ओसरतो, रात्री पुन्हा चढतो. अशा ठिकाणी मोजलेला आकडा थोडातरी हलणारच. हलत नसेल, तर कुठेतरी काहीतरी मेले आहे.

हे ओळखणाऱ्या माणसाचा कागदावरचा हुद्दा ‘वरिष्ठ उपकरण तंत्रज्ञ’ असा काहीतरी असतो. केंद्रावर त्याला ‘इन्स्ट्रुमेंटवाला’ म्हणतात. आयटीआयचा दोन वर्षांचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा अभ्यासक्रम किंवा तीन वर्षांची पदविका करून तो आलेला असतो. कधी महापालिकेच्या आस्थापनेवर, तर बरेचदा केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराकडे. कामाची वाटणी साधी असते. मोटर फिरत नसेल तर इलेक्ट्रिकलवाल्याला बोलवायचे, पंप खडखडत असेल तर मेकॅनिकलवाल्याला. सगळे फिरते आहे, कशाचाही आवाज नाही, तरी काहीतरी बिनसले आहे असे वाटत असेल, तर इन्स्ट्रुमेंटवाल्याला.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार भारतातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते. ते स्वच्छ करण्यासाठी उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. महाराष्ट्राचा वाटा ९,१०७ दशलक्ष लिटरचा. यातला पहिला आकडा कुणी मीटर लावून मोजलेला नसतो. शहराला पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी गटारात येते, असे धरून तो काढण्याची रीत आहे. केंद्राच्या दारात आलेले पाणी मात्र मोजावेच लागते, आणि तिथून या माणसाचे काम सुरू होते.

त्याच्या धंद्यातली सगळ्यात सुंदर कल्पना एका विचित्र शून्यात दडलेली आहे. टाकीवर बसवलेला ट्रान्समीटर आपला आकडा नियंत्रण कक्षात पाठवतो तो दोन तारांमधून, विजेच्या बारीकशा प्रवाहाच्या रूपात. टाकी पूर्ण भरलेली असेल तर २० मिलिअँपिअर, अर्धी असेल तर १२, आणि रिकामी असेल तर ४. शून्यासाठी शून्यच का पाठवू नये? कारण तार तुटली तरीही प्रवाह शून्यच होतो. मग ‘टाकी रिकामी आहे’ आणि ‘टाकीचे काय चालले आहे ते कळत नाही’ हे दोन्ही निरोप एकसारखेच पोहोचले असते. चारपासून मोजायला सुरुवात केली की खालचे चार मिलिअँपिअर मौनासाठी राखीव राहतात. प्रवाह ३.६च्या खाली गेला की तो बिघाड समजावा, असा उद्योगातला संकेत आहे. विजेच्या आधी हेच काम दाबलेल्या हवेच्या नळ्या करत, तेव्हाही शून्य म्हणजे तीन पौंड आणि पूर्ण म्हणजे पंधरा पौंड दाब असे. साधने बदलली तरी जिवंत शून्याची युक्ती टिकून राहिली. व्होल्टेजऐवजी प्रवाह पाठवण्याचेही कारण आहे: दोनशे मीटर केबलमध्ये व्होल्टेज गळते, पण एकाच वेटोळ्यातून जाणारा प्रवाह सगळीकडे सारखाच राहतो. म्हणून तंत्रज्ञ कुठल्याही जंक्शन बॉक्सपाशी उभा राहून मल्टिमीटर जोडतो आणि पलीकडच्या टोकाला काय पोहोचत असेल ते सांगतो. या वेटोळ्याला तो ‘लूप’ म्हणतो, आणि त्याच्या बोलण्यात हा शब्द दर दोन वाक्यांनी येतो.

‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतला हा फरक पुस्तकी वाटेल. तो मुंबई महापालिकेच्या भाषेतल्या ‘उदंचन केंद्रात’, म्हणजे पंपिंग स्टेशनवर, नेऊन पाहावा. जमिनीखालच्या गटारांतून आलेला मैला तिथे एका खोल विहिरीत पडतो आणि पातळी वाढली की पंप आपोआप सुरू होऊन तो पुढे ढकलतात. समजा, उंदराने पातळीमापकाची केबल कुरतडली. पीएलसी नावाच्या संगणकाला कुणी नीट शिकवलेले नसेल, तर तो शून्य प्रवाहाचा अर्थ ‘विहीर कोरडी’ असा लावतो आणि कोरड्यात पंप जळू नयेत म्हणून ते बंद करतो. इकडे शहर काही थांबलेले नसते. थोड्याच वेळात जवळच्या रस्त्यावरच्या मॅनहोलची झाकणे तरंगू लागतात. पीएलसीने या वेळी अलार्म वाजवायला हवा आणि विहिरीत दोरीला लोंबणाऱ्या साध्या फ्लोट स्विचच्या भरवशावर पंप चालू ठेवायला हवेत. हा प्लास्टिकचा भोपळा पाण्याने वर उचलला की कलंडतो आणि आतला स्विच लागतो. लाखभर रुपयांच्या रडार पातळीमापकाशेजारी तो दिसायला केविलवाणा असतो. पण जुना तंत्रज्ञ नव्या केंद्रावर पाऊल ठेवतो तेव्हा आधी तो फ्लोट जागेवर आहे का ते पाहतो.

पातळी मोजायची जुनी रीत आवाजाची. वर बसवलेला सेन्सर मानवी कानाला न ऐकू येणारा ध्वनी पाण्यावर सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. हिशेब सोपा आहे, पण हवेतला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो: २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ३५ अंशांना ३५२. ही दुरुस्ती केली नाही तर चार मीटर अंतरात दहा सेंटिमीटरची चूक होते. सेन्सरमध्ये स्वतःचा तापमापक असतो, म्हणजे प्रश्न सुटायला हवा. पण सेन्सर उन्हात असेल तर तो स्वतः तापतो, खालची हवा तेवढी तापलेली नसते, आणि दुरुस्तीच चूक ठरते. दुपारी दोन वाजता पातळी रोज थोडी ‘सरकते’ आणि संध्याकाळी पूर्वपदावर येते, अशी तक्रार आली की अनुभवी माणूस हत्यारांची पेटी न घेता पत्र्याचा तुकडा घेऊन जातो आणि सेन्सरवर छोटी छत्री बसवून परत येतो. फेसाने आवाज गिळला जातो, कोळ्याने जाळे विणले की प्रतिध्वनी लवकर येतो; त्यांची औषधे वेगळी. आता रडार स्वस्त झाले आहेत आणि त्यांना तापमानाशी फारसे देणेघेणे नाही, म्हणून नव्या केंद्रांत तेच बसतात. छत्रीची विद्या त्यामुळे हळूहळू विस्मरणात जाईल.

उघड्या नाल्यातला प्रवाह मोजायलाही ही पातळीच लागते. राल्फ पार्शल या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकात कोलोरॅडोतल्या शेतीच्या कालव्यांसाठी मध्ये अरुंद होत जाणारा एक नाला बनवला. त्याच्या गळ्याआधीची पाण्याची उंची कळली की प्रवाह कळतो. तोच पार्शल फ्ल्यूम आज आपल्याकडच्या अनेक मैलापाणी केंद्रांच्या तोंडाशी दिसतो. मात्र उंची आणि प्रवाह यांचे नाते सरळ नाही; प्रवाह उंचीच्या साधारण दीड घाताने वाढतो. उंचीत दहा टक्क्यांची चूक झाली की प्रवाहात पंधरा-सोळा टक्क्यांची होते. तळाशी साचलेली बोटभर वाळू अख्ख्या शहराच्या हिशेबात एखादा वाढीव वॉर्ड दाखवू शकते.

बंद पाइपातला प्रवाह मोजणाऱ्या मीटरची कुळी मोठी आहे. चुंबकीय क्षेत्रातून विद्युतवाहक पदार्थ हलला की त्यात व्होल्टेज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१मध्ये दाखवले. पाणीही वाहक आहे आणि पृथ्वी हा चुंबक आहे, मग वाहत्या नदीतही व्होल्टेज मिळाले पाहिजे, असे म्हणून १८३२च्या जानेवारीत तो लंडनच्या वॉटर्लू पुलावर गेला. पुलाच्या कठड्यावरून ९६० फूट तांब्याची तार टाकली, दोन्ही टोकांना धातूचे पत्रे लावून ते टेम्समध्ये सोडले, आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मोजू पाहिला. काटा हलला, पण पाण्याच्या वेगाशी त्याचा मेळ बसेना. पत्र्यांवर होणाऱ्या रासायनिक क्रियांनी सगळा गोंधळ घातला होता. फॅरडेने हात टेकले. १९४१मध्ये बोनाव्हेंतुरा थुर्लेमान या स्विस बेनेडिक्टाइन धर्मगुरूने नळीतल्या द्रवाचा वेग याच तत्त्वाने मोजण्याची पद्धत मांडली आणि १९५०च्या दशकात कारखान्यात बनलेले मीटर बाजारात आले. त्याला सगळेजण ‘मॅगमीटर’ म्हणतात. पाइपाच्या आत काहीही हलत नाही, काहीही अडत नाही, त्यामुळे चिंध्या आणि केसांनी भरलेल्या मैल्याला तो अगदी सोयीचा. पण फॅरडेला छळणारे भूत अजून गेलेले नाही. इलेक्ट्रोडवर तेलकट साय बसली, पाइप नीट अर्थ केलेला नसला किंवा अर्धाच भरून वाहत असला, की मिलिव्होल्टच्या घरातला तो बारका संदेश गोंगाटात बुडतो. अर्धा भरलेला पाइप हा सगळ्यात फसवा, कारण पाइप भरलेलाच आहे असे मीटर गृहीत धरून चालतो आणि प्रवाह वाढवून सांगतो. नागपुरात भांडेवाडीला प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते. जिथे असे पाणी विकायला निघते, तिथे मॅगमीटर हा दुकानदाराचा तराजू होतो आणि अर्थिंगच्या एका ढिल्या नटाला पैशांत किंमत येते.

या फॅरडेची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती थेट या लेखाच्या विषयातली आहे. जुलै १८५५मध्ये बोटीतून जाताना त्याला टेम्सची दशा पाहवेना. जवळच्या पांढऱ्या कार्डांचे तुकडे करून, ते लगेच बुडावेत म्हणून ओले करून, त्याने प्रत्येक धक्क्यापाशी पाण्यात सोडले. इंचभर खाली जाण्याआधीच ते दिसेनासे झाले, तेही लख्ख उन्हात. त्याने हे ‘द टाइम्स’ला पत्र लिहून कळवले. विजेच्या इतिहासातला एवढा मोठा माणूस मैलापाण्याचा गढूळपणा मोजायला खिशातले कार्ड वापरतो! तीन वर्षांनी, १८५८च्या उन्हाळ्यात, नदीच्या दुर्गंधीने ब्रिटिश पार्लमेंटचेच कामकाज अवघड झाले, तेव्हा लंडनच्या गटारांना पैसा मिळाला.

पीएच मीटरची फसवणूक वेगळ्या जातीची आहे. आम्लता मोजण्याची ही पट्टी १९०९मध्ये सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आखली, आणि १९३४मध्ये कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसासाठी तिचे पहिले उपयोगी विद्युत मापक बनवले. काचेच्या पातळ फुग्यात आत-बाहेरच्या आम्लतेच्या फरकामुळे व्होल्टेज तयार होते: पीएच एकाने बदलला की २५ अंशांना सुमारे ५९ मिलिव्होल्ट. आणि पीएच ७ असताना? शून्य. इथे जिवंत शून्य नाही. काचेला तडा गेला, केबलमध्ये ओल शिरली, आतल्या आत तारा एकमेकींना चिकटल्या, की इलेक्ट्रोड शून्य मिलिव्होल्ट देतो आणि पडद्यावर ७.० असा सालस आकडा झळकतो. शहरी मैल्याचा पीएच बहुधा सातच्या आसपासच असतो, कायद्याची मर्यादा ६.५ ते ९ अशी आहे, त्यामुळे कुणालाच संशय येत नाही. महिनोन्‌महिने वहीत ‘७.०, ७.०, ७.०’ लिहिले जाते. तंत्रज्ञ मात्र इलेक्ट्रोड काढून ४च्या गुलाबी आणि ७च्या पिवळ्या द्रावणात आलटून पालटून बुडवतो. पिवळ्यात तो बरोबर सात दाखवतो, याचे त्याला काही कौतुक नसते. गुलाबीत तो काय म्हणतो, हे त्याला पाहायचे असते.

सर्वाधिक पैसा ज्या उपकरणावर अवलंबून असतो, ते म्हणजे विरघळलेल्या ऑक्सिजनचे मापक, केंद्रावरच्या भाषेत ‘डीओ प्रोब’. १९१४मध्ये मँचेस्टरजवळच्या डेव्हिहल्म केंद्रावर आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिले की मैल्यात हवा सोडत राहिले आणि खाली बसलेला गाळ फेकून न देता पुन्हा वापरला, तर त्यातले जिवाणू घाण झपाट्याने खातात. (त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.) शंभर वर्षांनंतरही बहुतेक मोठी केंद्रे याच तत्त्वावर चालतात, आणि हवा सोडणारे ब्लोअर केंद्राच्या एकूण विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त वीज पितात. टाकीत लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम ऑक्सिजन असला तरी जिवाणूंचे भागते. त्याहून जास्त म्हणजे वीज जाळणे, फार कमी म्हणजे जिवाणू गुदमरणे. ब्लोअर किती वेगाने फिरवायचा, हे प्रोबच्या सांगण्यावरून ठरते.

प्रोबचे पूर्वज दवाखान्यातले. लेलँड क्लार्क यांनी १९५०च्या दशकात रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठी पातळ पडद्याआड इलेक्ट्रोड ठेवण्याची युक्ती काढली. हल्लीचे प्रोब प्रकाशावर चालतात: एका टोपीवरच्या रंगद्रव्यावर निळा प्रकाश टाकला की ते लाल चमकते, आणि पाण्यात ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते. दोन्हींचा शत्रू एकच, बुळबुळीत जैविक थर. टाकीतले जिवाणू प्रोबच्या तोंडावरही वस्ती करतात आणि तिथला ऑक्सिजन स्वतःच खाऊन टाकतात. प्रोब बिचारा खरेच सांगतो, पण टाकीबद्दल नव्हे, आपल्या ओठांवरच्या थराबद्दल. आकडा कमी येतो, ब्लोअर जोर लावतो, वीजबिल वाढते, आणि पाणी स्वच्छच असल्याने तक्रार कुणी करत नाही. उलटही होते. प्रोबला चिंधी गुंडाळून तिच्यात हवेचा बुडबुडा अडकला, की आकडा फुगतो, ब्लोअर मंदावतो आणि दोन दिवसांत टाकीतून कुजका वास येऊ लागतो. ही चूक लवकर पकडली जाते, कारण तिला वास असतो. पैसे खाणारी चूक मात्र वर्षभर चालू शकते.

याची तपासणी फुकट आहे. प्रोब वर काढायचा, पाइपाच्या पाण्याने धुवायचा, आणि ओल्या फडक्यात सैलसर गुंडाळून हवेत धरायचा. आकडा त्या तापमानाच्या संपृक्ततेला येऊन थांबला पाहिजे. ३० अंशांना मुंबईत तो साधारण ७.५ येतो. पुण्यात तोच प्रोब ७.१च्या आसपास थांबतो, कारण पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि हवेचा दाब तिथे कमी असतो. घाटाखालून बदलून आलेला माणूस पहिल्या आठवड्यात इथे एकदातरी फसतो.

नवी मुंबईतल्या नेरूळसारख्या केंद्रांत उपकरणांवरची भिस्त आणखी वाढते. तिथल्या पद्धतीत एकाच टाकीत आळीपाळीने भरणे, हवा देणे, गाळ बसू देणे आणि वरचे निवळ पाणी काढून घेणे हे सगळे सहसा तीन-चार तासांच्या फेऱ्यात उरकते. वरचे पाणी काढणारा यांत्रिक पन्हाळा हळूहळू खाली उतरतो. पातळीमापक दहा सेंटिमीटर खोटे बोलला, तर पन्हाळा एकतर हवेत लोंबकळतो किंवा गाळात तोंड घालतो. वाहत्या केंद्रात चुकीला पसरायला वेळ लागतो. इथे पुढच्याच फेऱ्यात ती दिसते. मुंबईने हाती घेतलेल्या सात नव्या केंद्रांची एकत्रित क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटरची आहे, त्यातले एकट्या वरळीचे ५००. स्वयंचलनावर चालणारा एवढा पसारा सांभाळायला किती अनुभवी हात लागतील, याची चर्चा निविदांच्या बातम्यांत फारशी दिसत नाही.

केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आता सरकारचाही डोळा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४मध्ये सतरा प्रकारच्या प्रदूषणकारी उद्योगांबरोबरच मैलापाणी केंद्रांनाही ऑनलाइन मापन यंत्रणा बसवायला लावण्याचे निर्देश राज्य मंडळांना दिले. आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर जातात. त्यातला बीओडीचा आकडा गमतीशीर आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन. तो मोजायचा तर बाटली बंद करून ठेवावी लागते. एका ब्रिटिश शाही आयोगाच्या काळापासूनची रीत पाच दिवसांची, आणि हल्ली २० अंशांची. आपल्याकडे हवा उष्ण म्हणून तीन दिवस आणि २७ अंश. मग पडद्यावर दर काही मिनिटांनी बीओडी कसा येतो? येत नाही. तिथे अतिनील प्रकाश किती शोषला गेला ते मोजतात आणि पूर्वीच्या प्रयोगशाळेतल्या निकालांशी त्याचे नाते जुळवून बीओडीचा अंदाज छापतात. ते नाते प्रत्येक शहराच्या मैल्याचे वेगळे असते, ऋतूप्रमाणे सरकते, आणि भिंगावर साय आली की बिनसते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये लिटरला १० मिलिग्रॅम बीओडीची कडक मर्यादा सांगितली. दहा आणि बारा यांच्या मधली रेघ या अंदाजाने ओढायची, म्हणजे भिंग पुसणाऱ्या माणसाच्या फडक्यावर बराच भार आला.

आणि एक मापक त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असते. मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत एक भागही नसला तरी नाकाला तो कळतो. पण प्रमाण शंभराच्या घरात गेले की वास घेणारी यंत्रणाच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस आणखी दोन पायऱ्या खाली उतरतो, आणि नाकाचे ते खोटे शून्य त्याचा जीव घेते. हवेपेक्षा जड असलेला हा वायू विहिरीच्या तळाशीच साचलेला असतो. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये दहा लाखांवरून तीस लाख केली. तंत्रज्ञाचे काम मैला उपसण्याचे नसले तरी सेन्सर त्याच विहिरीच्या काठावर आणि कधी आत असतात. छातीला लावलेले चार वायूंचे मापक ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला किंवा हायड्रोजन सल्फाइड दहाच्या वर गेला की ओरडते. त्यातला सेन्सरही रासायनिक असल्याने थकतो, आणि थकलेला सेन्सर शून्यच दाखवतो. म्हणून कामाआधी छोट्या सिलिंडरमधला खरा वायू त्याच्या तोंडाशी सोडून तो ओरडतो का ते पाहायचे असते. ही दोन मिनिटांची चाचणी घाईत सर्वात आधी वगळली जाते.

तोच वायू पॅनलमध्येही शिरतो, तांब्याच्या तारा काळ्या करतो, रिलेचे संपर्क खातो. समुद्राकाठी खारी हवा त्याच्या जोडीला असते. पहिल्या पावसात विजा कडाडल्या की सर्ज प्रोटेक्टर धारातीर्थी पडतात आणि उबेला आलेल्या पाली टर्मिनलवर जळून शॉर्ट करतात. परदेशी उपकरणांच्या पुस्तिकेत पालीवर प्रकरण नसते.

कनिष्ठ आणि वरिष्ठ यांत फरक काय, तर संशय घेण्याचा क्रम. कनिष्ठ माणूस आकडा चुकला की प्रोब बदलतो. वरिष्ठ आधी विचारतो की टाकीतच खरेच काही बदलले आहे का; मग सेन्सर, मग तार, मग पीएलसीचे कार्ड, आणि शेवटी ती जागा जिथे कुणी पाहत नाही: मोजपट्टी. समजा, ट्रान्समीटर बदलताना त्याची पट्टी शून्य ते पाच मीटर ठेवली आणि पीएलसीत जुनी शून्य ते सहाच राहिली. लूपमध्ये १२ मिलिअँपिअर अगदी शुद्ध वाहतात, पण इकडे अडीच मीटर असतात आणि तिकडे तीन दिसतात. कुठलाही अलार्म वाजत नाही, रेघही छान नाचते. ही चूक फक्त कुणी काठी बुडवून पाहिली तरच सापडते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०००च्या सुरुवातीला मरूची परगण्याची मैलापाणी यंत्रणा अशीच वेडीवाकडी वागू लागली. पंप चालायला हवे तेव्हा चालेनात, अलार्म नियंत्रण कक्षात पोहोचेनात, केंद्रांशी संपर्क तुटे. सुरुवातीला सगळ्यांनी नव्याने बसवलेल्या यंत्रणेलाच दोष दिला. उपकरणे चुकतातच, असे म्हणून शोध सुरू राहिला. प्रत्यक्षात ती बसवणाऱ्या ठेकेदार कंपनीतून बाहेर पडलेला आणि परगण्याने नोकरी नाकारलेला एक माणूस गाडीत रेडिओ आणि लॅपटॉप घेऊन फिरत पंपांना खोटे हुकूम देत होता. सुमारे आठ लाख लिटर कच्चा मैला बागांत, ओढ्यांत आणि एका हॉटेलच्या आवारात गेला. २००१मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणाकडे आता सायबर सुरक्षेचा धडा म्हणून पाहतात. इन्स्ट्रुमेंटवाल्यांना त्यातली वेगळीच गोष्ट बोचते: न आलेला अलार्म आणि सुखरूप रात्र पडद्यावर एकसारखीच दिसत होती.

म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, बरी चालवलेली केंद्रे एक चाचणी घेतात. नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरला आधी काही सांगायचे नाही. वरिष्ठ तंत्रज्ञ विहिरीपाशी जातो, पातळीमापकाचा जंक्शन बॉक्स उघडतो आणि स्क्रू ढिला करून एक तार बाहेर काढतो. मग घड्याळ पाहतो. पंप थांबत नाहीत ना, याकडे त्याचा कान असतो; फ्लोट लटकलेला आहे तिकडे नजर असते. खिशातला वॉकीटॉकी दहा सेकंद गप्प, वीस सेकंद गप्प. तिसाव्या सेकंदाला खरखर होते आणि पलीकडून आवाज येतो, “साहेब, विहिरीच्या लेव्हलचा सिग्नल गेलाय. बघता का जरा?” तो “बघतो” म्हणतो, तार पुन्हा टर्मिनलमध्ये सरकवतो, स्क्रू आवळतो, वहीत वेळ लिहितो आणि पुढच्या बॉक्सकडे वळतो.